सोपे लिहिण्याची भीती

गेल्या श्रावणात, घोटीच्या पावसाने रस्ते आणि खाचरे एक करून टाकली असताना, माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. छत्री असूनही ती चिंब भिजली होती, कारण छत्री तिने स्वतःवर न धरता हातातल्या पिशवीवर धरली होती. पिशवीत एक कागद होता. तो पुढे करून ती म्हणाली, "बाई, एकदा नजर टाका. पतसंस्थेत लिपिकाची जागा निघालीय. बायोडाटा द्यायचाय."

कागद सुबक होता. वर ठळक अक्षरांत 'उद्दिष्ट' असे शीर्षक, आणि त्याखाली : 'आव्हानात्मक वातावरणात कार्यरत राहून संस्थेच्या सर्वांगीण विकासासाठी स्वतःच्या क्षमतांचा परिपूर्ण विनियोग करणे.' मग 'गुणवैशिष्ट्ये' : सकारात्मक दृष्टिकोन, संघभावना, नेतृत्वगुण, कष्टाळू वृत्ती. मग शिक्षण, जन्मतारीख, छंद. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक ओळ : 'अनुभव : निरंक.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. ही मुलगी नववीत होती तेव्हापासून आईच्या बचत गटाचे हिशेब लिहिते आहे. वीस बायांची महिन्याची वर्गणी, कुणाला दिलेले कर्ज, त्याचे व्याज, बँकेच्या पासबुकाशी मेळ; सगळे तिच्या हातचे. गटातल्या बाया तिच्या वहीवर बँकेच्या पासबुकापेक्षा अधिक विश्वास ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी तिला विचारले, "अगं, निरंक कसं? गटाचा हिशेब कोण लिहितं?"

ती हसली. "ते होय बाई! त्याचा पगार कुठं घेतला? ते घरचंच. त्याला 'अनुभव' म्हणत नाहीत."

'म्हणत नाहीत' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. कोण म्हणत नाही? हा प्रश्न मी त्या दिवसापासून स्वतःला विचारते आहे, आणि हा लेख त्या विचारण्यातूनच निघाला आहे. दिवाळी अंकात चकलीच्या वासाबरोबर वाचायला हा विषय जरा रुक्ष वाटेल. पण वाचकहो, तुमच्या घरातही असा एखादा कागद या घटकेला कपाटात असेल. नोकरीचा नसेल तर लग्नाचा असेल. 'मुलगी सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ. अपेक्षा : अनुरूप' हा मजकूर आपण किती वर्षे वाचत आलो आहो! त्यातून आजवर एकाही मुलीचा चेहरा कुणाला दिसलेला नाही.

पहिला राग अर्थातच मला झेरॉक्सच्या दुकानदाराचा आला. त्याच्या संगणकात असे चार नमुने तयार असतात. नाव बदलले की बायोडाटा तयार. पण विचार करता दिसले, की त्याचा दोष थोडा आहे. त्याने मजकूर पुरवला. तो मजकूर 'चांगला' वाटण्याची सवय मात्र आम्ही, शाळेतल्या माणसांनी, लावली आहे.

पुरावा माझ्याच दप्तरात आहे. काही वर्षांपूर्वी सहावीच्या चाचणीत मी लिहिले होते : 'खालील उताऱ्याचे आकलनपूर्वक वाचन करून त्याखालील कृती निर्देशानुसार पूर्ण करा.' वाडीवरून चालत येणारा एक मुलगा उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "बाई, आकलनपूर्वक म्हणजे पूर्वेकडं तोंड करून वाचायचं का?" वर्ग हसला. मीही हसले, आणि घरी येईपर्यंत माझे हसू मावळले. त्या पोराने शब्दाची फोड आपल्या परीने अगदी नीट केली होती. त्याला उतारा कळत होता. कळत नव्हती ती माझी सूचना. पुढच्या वर्षी मी लिहिले, 'हा उतारा नीट वाचा. मग उत्तरे लिहा.' तेव्हा एक पालक भेटायला आले. म्हणाले, "बाई, यंदा पेपर फार सोपा काढलात. पोरं पुढं टिकतील का?" प्रश्न मागच्याच वर्षीचे होते.

अवघड लिहिले की ते मोलाचे वाटते ही समजूत आपल्याकडे आजची नाही. आपले शालेय गद्यच मुळी दुसऱ्याच्या सावलीत वाढले. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात मराठी शाळा निघाल्या आणि पुस्तके हवी झाली, तेव्हा ती बव्हंशी इंग्रजीवरून उतरवली गेली. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाला हातभार लावणारे आणि १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश पुरा करणारे मेजर थॉमस कँडी यांच्या नजरेखालून त्या काळची कितीतरी पाठ्यपुस्तके गेली. कँडीसाहेबांचे उपकार मोठे आहेत. आपण आज जी विरामचिन्हे वापरतो ती मराठीत रुजवण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. पण मराठी वाक्याला इंग्रजी सांगाडा बसू लागला तोही याच काळात. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि आरंभीच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर लेखणी चालवली, ती या दुखण्यामुळेच.

शास्त्रीबुवांनी भाषेच्या घडणीची चिंता केली. महात्मा फुल्यांनी वेगळीच गोष्ट पाहिली. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी गावशाळेत काय शिकवावे याची यादी दिली : मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य. आणि चालू पाठ्यपुस्तके व्यवहाराच्या उपयोगी नाहीत, ती नव्याने लिहिली पाहिजेत, असेही बजावले. त्या यादीत 'हिशेब' हा शब्द किती सहज आला आहे पाहा. माझ्या विद्यार्थिनीने जे 'निरंक' म्हणून खोडले, ते फुल्यांना शिक्षणाच्या गाभ्याचे वाटत होते.

सोपे लिहिणे म्हणजे पातळ लिहिणे, असे ज्यांना वाटते त्यांनी साने गुरुजींकडे पाहावे. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, आमच्या घोटीपासून दोन घटकांच्या वाटेवर, पाच दिवसांत लिहून झाली. तिच्यातले वाक्य दहा वर्षांच्या मुलाला कळते आणि सत्तर वर्षांच्या आजीला रडवते. तिच्या भाबडेपणावर आक्षेप घेता येतो, मीही घेते. पण सोपेपणावर नाही. आणि आचार्य अत्र्यांनी 'नवयुग वाचनमाला' काढली तेव्हा तर शाळेच्या पुस्तकात घरातली भाषा चक्क पाटावर येऊन बसली. त्यातले 'दिनूचे बिल' कोणाला आठवत नाही? दिनू आईला बिल लिहून देतो : अमुक काम केले त्याचे इतके, तमुक केले त्याचे तितके. आईही उलट बिल लिहिते, जन्मापासूनच्या कष्टांचे, आणि रक्कम काहीच लावत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्यातल्या आईच्या मायेवर निबंध लिहिले. मला आता त्या दोन कागदांची लिखावट महत्त्वाची वाटते. दोघांनीही 'कष्टाळू वृत्ती' असे लिहिले नाही; काय केले ते लिहिले. दिनूचा कागद हा मराठी पाठ्यपुस्तकातला मला माहीत असलेला सर्वांत चांगला बायोडाटा आहे!

१९६७ च्या जानेवारीत पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली. तिच्या भाषेच्या पुस्तकांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना फार मोठे धन दिले, हे मी कृतज्ञतेने म्हणते; माझ्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नव्हते. माझी तक्रार भाषेच्या पुस्तकांपेक्षा भूगोल-विज्ञानाच्या पुस्तकांतल्या वाक्यांशी आहे. आमच्या इगतपुरी तालुक्यातले पोर सात वर्षांचे होण्याआधी राब भाजताना पाहते, आवणीच्या दिवसांत आईच्या मागे चिखलात उभे राहते, कोणत्या खाचरात पाणी किती तुंबवायचे हे सांगते. तेच पोर वर्गात 'भात हे अधिक पर्जन्यमानाच्या प्रदेशातील प्रमुख खरीप पीक असून रोपांची पुनर्लागवड करण्यात येते' अशा घाटाचे वाक्य पाठ करते, आणि हे वाक्य आपल्याच बांधावरचे आहे हे त्याच्या गावीही नसते. मी एकदा विचारले, "आवणी म्हणजे काय?" सगळे हात वर. "पुनर्लागवड म्हणजे काय?" एकही नाही. मग सांगितले, की दोन्ही एकच. एक मुलगी नवलाने म्हणाली, "मग आवणीच का नाही लिहीत?" मी म्हटले, आवणी हा शब्द विदर्भातल्या मुलाला कळणार नाही, म्हणून. उत्तर बरोबर होते, पण पुरते नव्हते. कंसात का होईना, आपल्या गावचा शब्द लिहून घ्यायला वेळ किती लागतो?

याच ठिकाणी २०१९ सालचे ते संख्यांचे वादळ आठवते. त्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्र पेटला. विधानसभेत दोन्ही बाकांवरून कोट्या झाल्या. मोबाइलवर तर विनोदांचा पूर आला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की लहान मुलांना जोडाक्षरे जड जातात, शिवाय आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, त्यात मूल अडखळते. दक्षिणेकडच्या भाषांत असे होत नाही. जुनी रीत काढलेली नाही, हेही मंडळाने सांगितले. ऐकायला कोणाला सवड होती?

मी वर्गात उभी राहणारी बाई आहे. मला त्यांचे म्हणणे पटत होते. 'बासष्ट' म्हटले की 'सव्वीस'चा आकडा लिहिणारी मुले मी दर वर्षी पाहते. दोन आधी ऐकला, दोन आधी लिहिला. त्यात मुलाचे काय चुकले? तरीही माझा एक आक्षेप होता आणि अजून आहे. त्र्याहत्तर, अडुसष्ट हे शब्द पुस्तकाचे नव्हेत, ते बाजाराचे आहेत. घोटीच्या बाजारात तांदळाच्या पोत्यापाशी बसलेले पोर ते न अडखळता बोलते. जिथे बोली शाळेच्या पुढे आहे तिथे सोपे करायची निकड कमी. जिथे शाळाच नवे शब्द लादते, तिथे जास्त. समच्छेद, अंशाधिक अपूर्णांक, विस्तारित रूप, यांच्यासाठी कुणी वादळ केले नाही. विनोद झाले ते सोपे करू पाहणाऱ्यांवर. आपण शिकलेल्या माणसांनी अवघडपणाची किंमत मोजलेली असते. ती दुसऱ्याला माफ होताना पाहून आपल्याला चुकल्यासारखे होते. त्या पालकांचा आणि विधानसभेतल्या हशाचा उगम मला एकच वाटतो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे संस्कृत शब्द नकोत काय? मुळीच नाही. शब्दांवरचा हा जुना तंटा मला फारसा मानवत नाही. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून फारसी शब्दांना पर्याय दिले. त्यांतले काही राहिले, पण 'अर्ज' हा शब्द काही हलला नाही. सावरकरांनी 'महापौर' दिला, 'दिनांक' दिला, ते घराघरांत गेले. फाउंटन पेनसाठी सुचवलेली 'झरणी' मात्र आटली. १९६२ चा सरकारी 'पदनाम कोश' निघाला तेव्हा त्याला 'बदनाम कोश' म्हणून लोक हसले. आज तलाठ्याच्या दारात उभा असलेला शेतकरी संचालक, सचिव, अधीक्षक हे शब्द जिभेवर खडा न लागता उच्चारतो. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्दही एकदा फोडून सांगितला की मुले विसरत नाहीत. शब्द परका असला तरी चार दिवसांनी पाहुण्यासारखा घरात रुळतो.

दुखणे वाक्यात आहे. 'सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.' यात कोणता शब्द अवघड आहे? एकही नाही. आणि अर्थ? कार्यवाही कोण करतो, कधी करणार, कोणती करणार, यांतले काहीच कळत नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी कचेरीत गेली, ही अभिमानाची गोष्ट; पण जाताना तिचा कर्ता दाराबाहेर राहिला. आम्ही वर्गात कर्ता, कर्म, क्रियापद शिकवतो. 'मुलाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, तरी मूल वाक्यात आहे. 'रावण रामाकडून मारला गेला' हे वळण इंग्रजीवरून आलेले, असे व्याकरणाची शालेय पुस्तकेच सांगतात. तरी तिथेही निदान राम आहे. 'मारण्यात आला' म्हटले की रामही गेला! मुलांना 'वाक्यातील कर्ता ओळखा' असे सांगून त्यांच्याच फळ्यावर आम्ही सूचना लिहितो, 'विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की...'

हे दुखणे काही आपल्या एकट्याचे नव्हे. इंग्लंडमध्ये सरकारी खजिना खात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' हे छोटे पुस्तक कारकुनांसाठी लिहिले. अमेरिकेत तर सरकारने लोकांना कळेल असे लिहावे असा कायदाच २०१० साली झाला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दोन्हीकडे उपदेश सरकारला केला आहे, अर्जदाराला नाही. आपल्याकडे मात्र सोपे लिहिण्याचा उपदेश नेहमी खाली उतरतो. बायोडाटा कसा लिहावा यावर व्याख्याने गावोगाव होतात. जाहिरात कशी लिहावी यावर होत नाहीत. त्या पतसंस्थेची जाहिरात मी मागवून वाचली. 'संगणकीय ज्ञान व तत्सम अनुभव असणाऱ्या होतकरू उमेदवारांना प्राधान्य देण्यात येईल.' तत्सम म्हणजे कशासम? बचत गटाचा हिशेब त्यात बसतो की नाही? ज्याने जाहिरात लिहिली त्याने हे सांगितले असते, तर माझ्या मुलीने 'निरंक' लिहिले नसते.

आणि इथे मला माझेही एक पाप कबूल केले पाहिजे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात. पहिली कादंबरी लिहायला घेतली तेव्हा हे मॅट्रिकपण माझ्या मानगुटीवर बसले होते. तिच्या पहिल्या प्रकरणात सूर्य उगवत नाही. 'सहस्ररश्मीचे प्राचीवर आगमन' होते. भाताच्या गिरणीतला हमाल त्यात 'श्रमजीवी' आहे. आता ते पान उघडले की मला अंग चोरावेसे वाटते. पण तेव्हा मला भीती होती, की मी 'सूर्य उगवला' असे लिहिले तर लोक म्हणतील, हिला एवढेच येते. चार पुस्तके छापून झाल्यावर मी बिनधास्त 'सूर्य उगवला' लिहू लागले, कारण आता तसे कोणी म्हणणार नव्हते. सोपे लिहिणे मला परवडू लागले होते. ज्याच्या मागे पद आहे, पदवी आहे, घराण्याचे नाव आहे, तो दोन ओळींचा अर्ज करू शकतो. ज्याच्या मागे काही नाही तो 'सर्वांगीण', 'परिपूर्ण' अशी भाड्याची वस्त्रे घालून दारात उभा राहतो. त्याला हसणे सोपे आहे.

म्हणून त्या दिवशी मी त्या मुलीला भाषण दिले नाही. चहा ठेवला, आणि म्हटले, "सांग, गटाचं काय काय करतेस?" ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तिच्या तोंडची वाक्ये फारशी बदलावी लागली नाहीत. 'सहा वर्षे महिला बचत गटाचा हिशेब लिहिते. वीस सभासद. दर महिन्याला वर्गणी, कर्ज आणि व्याज यांची नोंद करते आणि बँकेच्या पासबुकाशी ताळा करते. बँकेत भरणा करायला मीच जाते.' तिने वाचून पाहिले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, हे खरं आहे. पण हे लिहायचं असतं?"

"नाही तर काय लिहायचं असतं?"

आठवड्याने ती टाइप केलेली प्रत दाखवायला आली. 'निरंक' गेले होते. त्या जागी आमच्या चार ओळी होत्या. पण पानाच्या माथ्यावर 'उद्दिष्ट' जिथल्या तिथे होते, आव्हानात्मक वातावरणासकट. मी त्यावर बोट ठेवले.

"वरचं तेवढं राहू द्या ना बाई," ती म्हणाली. "बाकीच्या सगळ्यांच्या कागदावर असणार. माझ्यावर नसलं तर विचारतील, हिला माहीत नाही का?"

लेखणी हातात होती. क्षणभर वाटले, एक रेघ मारावी. पण मुलाखत तिची होती. मी राहू दिले. दिवाळीनंतर ती आहे.